फाट्यापासून आत

सडकेवरून जाणाऱ्याला फाटा म्हणजे पत्र्याची एक टपरी, एक लिंबाचं झाड, एक हापसा आणि अक्षरं उडालेली पाटी एवढंच दिसतं. एसटी घटकाभर थांबते, दोन माणसं उतरतात, गाडी पुढं जाते. उतरलेली माणसं लगेच चालायला लागत नाहीत. आधी आभाळाकडं बघतात, मग चपला काढून हातात घेतात, धोतर नाहीतर पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतात. डांबर संपतं तिथून त्यांची वाडी तीन किलोमीटर आत असते.

गोदावरीच्या दोन्ही अंगांना, माजलगाव, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या पट्ट्यात अशा वाड्या, वस्त्या, तांडे जागोजाग आहेत. "वाडी किती लांब आहे?" असं कुणाला विचारलं तर किलोमीटर सांगत नाहीत. "पाऊस झालाय का तिकडं?" असं उलट विचारतात. चैत्रात मोटारसायकलवर दहा मिनिटं. मृग बरसून गेल्यावर पायी सव्वा तास. ओढा भरून चालला असेल तर तो उतरेल तेव्हा. वाडीच्या हालांबद्दल बोलताना पाणी वेगळं, शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, वीज वेगळी असं मांडायची सवय सगळ्यांना लागली आहे. वाडीतल्या माणसाला मात्र ही सगळी दुखणी एकाच जागेची वाटतात, फाट्यापासून घरापर्यंतच्या त्या वाटेची. त्याचं म्हणणं खरं आहे.

दुखण्याचं मूळ मातीत आहे. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून वैशाखात रानात अख्खा हात आत जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढात त्याच रानात पाय पोटरीपर्यंत जातो. पिकाला ही माती आईसारखी आहे. ओल धरून ठेवते म्हणून तर रब्बीची मालदांडी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर पिकते. वाटेला तीच वैरीण होते. पहिल्या शिडकाव्यात वरचं बोटभर निसरडं होतं, खाली घट्ट असतं. मोटारसायकल घसरते, पण निघते. एक दणकून पाऊस झाला की मग चाक भरतं. माती टायरला चिकटते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. इंजिन ओरडत राहतं, क्लच जळाल्याचा वास येतो आणि गाडी नांगर ओढल्यासारखी सरी पाडत चार हात जाऊन उभी राहते. म्हणून रोहिण्या संपत आल्या की वाडीतली पोरं पुढचं मडगार्ड काढून घरात ठेवतात आणि हँडलला एक खुरपं अडकवतात. शे-दीडशे पावलं गेलं की उतरायचं, खुरप्यानं चाक मोकळं करायचं, परत बसायचं. झड लागली की तेही जमत नाही. मग गाड्या टपरीमागं पत्र्याखाली उभ्या राहतात, टाकीवर खताचं रिकामं पोतं टाकून.

चालण्याचीही एक रीत आहे. चपलेला माती लागत जाते, पायाचं ओझं होतं, शेवटी अंगठाच तुटतो. म्हणून अनवाणी चालायचं. टाच आधी टेकली की पाय घसरतो. अंगठा रोवून पाऊल टाकायचं, हातात काठी ठेवायची, आणि चाकोरीत पाय टाकायचा नाही, कारण तिथं पाणी साचून खोली कळत नाही. बाभळीचा काटा चिखलात दिसत नाही. तो आत मोडला आणि वेळेवर निघाला नाही तर कुरूप होतं. गाडीवाट अगदीच मोडली की माणसं बांधावरच्या हराळीवरून जातात. मग ज्याचं रान तुडवलं जातं तो बोरीच्या फांद्या आणून आडव्या टाकतो. दोघांचंही चुकलेलं नसतं आणि दोन भावक्यांचं बोलणं वर्षभर बंद राहतं.

शेताला जसा वाफसा लागतो, म्हणजे चिखल आटून कामापुरती ओल उरावी लागते, तसा वाटेलाही लागतो. चांगलं ऊन पडलं तर तीन-चार दिवसांत वाट चालती होते. आभाळ दाटलेलं राहिलं तर पंधरा दिवस नाही.

मग वाडीनं मुरूम का टाकला नाही, असं शहरातला माणूस विचारतो. टाकलेला असतो. दर दोन-तीन वर्षांनी घरटी वर्गणी निघते, मेमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, सहा इंचांचा थर वाटेवर पसरला जातो, आणि श्रावणात तो दिसेनासा होतो. चोरीला जात नाही. खालची काळी माती भिजून फुगते, वरून ट्रॅक्टरचं चाक दाबतं, मुरूम खाली बसतो आणि चिखल त्याच्या फटींतून वर येतो. टिकाऊ काम करायचं तर आधी ती काळी माती दीड-एक फूट उकरून बाजूला काढावी लागते. खाली मोठ्या दगडांचं सोलिंग, त्याच्या फटींत लहान दगड, वर मुरमाचे पातळ थर, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. वाट मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरती हवी. कडेला चर हवेत, आणि जिथं रानातलं पाणी वाट ओलांडतं तिथं सिमेंटचे पाईप टाकून मोरी हवी. यातलं सगळ्यांत स्वस्त काम चराचं आणि सगळ्यांत आधी तेच जातं. कडेचा शेतकरी दर पेरणीला पाभरीची दोन तासं पुढं सरकतो, चर बुजतो, पाणी वाटेवर उभं राहतं, आणि चांगली बांधलेली वाटसुद्धा दोन पावसाळ्यांत मऊ पडते. पैशाअभावी जेवढे रस्ते गेले तेवढेच बुजलेल्या चरांनी गेले असतील.

सरकारी मोजमापातही वाडी कमीच भरली. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागासाठी ५०० लोकवस्तीची अट होती. साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव बसलं, साडेतीनशे माणसांची वाडी बसली नाही. २०१५ ला मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली, २०२१ ला रोजगार हमीला जोडून मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आली. त्यातून काही वाटा खरोखर सुधारल्या. जिथं अडलं तिथं बहुतेक वेळा पैशाच्या आधी जागेवर अडलं, कारण गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली पांदण, म्हणजे शेतांमधली जुनी वाट, जमिनीवर उरलेलीच नसते. तिथं दोन कायदे कामाला येतात आणि वाडीत ते माहीत असलेला एक तरी माणूस असावा. बांधावरून नवी वाट मागायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडं. दुसऱ्यात मुदत आहे: वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. "बसून मिटवू" म्हणत दोन पोळे निघून जातात आणि मुदत टळते.

उन्हाळ्यात वाट कोरडी असते, पण तिची परीक्षा संपत नाही. विहिरीनं तळ गाठला की टँकर लागतो. १०,००० लिटरचा टँकर म्हणजे नुसत्या पाण्याचेच दहा टन, आणि ते वजन फुफाट्यातून आत आणायचं. ओढ्याच्या उतारावर मागची चाकं बसली की ड्रायव्हर पुढच्या खेपेला नाही म्हणतो. मग ट्रॅक्टरचा ५,००० लिटरचा टँकर येतो, दोन खेपांच्या जागी चार लागतात, आणि चौथी बहुतेक दुसऱ्या दिवशी. टंचाईत माणशी २० लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे सहा-सात घागरी. एक म्हैस उन्हाळ्यात एकटी साठ-सत्तर लिटर पिते. दावणीला म्हैस आणि बैलजोडी असेल तर माणसांचं पाणी कुठून काढायचं हा हिशेब त्या घरातली बाई रोज पहाटे करते. टँकर विहिरीत सोडतात, तेव्हा गाळ ढवळून पाणी चहासारखं होतं. थोडं पाणी भेगांतून निघूनही जातं, म्हणून टँकर लागला की सगळी वाडी एकदम पोहरे सोडते. पहिली भरलेली घागर रांजणात तशीच ओतायची नसते. तुरटी फिरवून, निवळून, धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची असते. ज्या घरात तेवढा धीर निघाला नाही तिथं दोन दिवसांनी पोरं हगवणीनं लोळतात.

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून सडकेच्या गावाला जावं लागतं. अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्याही त्यांच्यासाठीच सोडल्या. दोन्ही सोयींनी मराठवाड्यातल्या हजारो पोरी शिकल्या, हे मोकळ्या मनानं सांगितलं पाहिजे. पण गाडी फाट्यावर पावणेआठला. म्हणजे श्रावणात पोरी साडेसहाला वाडीतून निघतात. घोळक्यानंच निघतात, एकटीनं जायचं नाही हा घराघराचा नियम आहे. सलवार गुडघ्याच्या वर गुंडाळून कमरेच्या नाडीत खोवलेली, दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर, बूट हातात. फाट्यावर आल्यावर एक पोरगी हापसा मारते आणि बाकीच्या पाय धुतात, मग पाळी बदलते. नखांतली काळी माती लिंबाच्या काडीनं काढतात. ओल्या पायात मोजे चढत नाहीत, म्हणून ओढणीच्या टोकानं बोटांच्या बेचक्या पुसतात; न पुसता बूट घातले तर आठ दिवसांत चिखल्या होतात आणि मग बूटच घालवत नाही. एवढं होईतो निळी गाडी दिसते. ज्या दिवशी ओढा आडवा येतो त्या दिवशी गैरहजेरी लागते. दहावीच्या पोरीच्या अशा किती गैरहजेऱ्या लागल्या यावर घरात बोलणं सुरू होतं आणि ते बोलणं पुढं कुठं जातं हे वाडीतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

ओढ्याची पारख म्हाताऱ्यांकडून शिकावी. डोंगराकडं पाऊस पडला आणि वाडीवर ऊन असलं तरी ओढा येतो. आधी पाण्यावर पालापाचोळा आणि फेस दिसतो, मग रंग बदलतो. रंग गढूळ आहे तोवर पाय घालायचा नाही. ओढ्यावर फरशी, म्हणजे काँक्रीटचा ठेंगणा पूल, असेल तर पाणी घोट्याएवढं दिसलं तरी काठीनं चाचपडत जायचं, कारण पाणी फरशीच्या खालच्या अंगाची माती पोखरतं, काँक्रीटची कड अधांतरी लटकते आणि वरून काहीच कळत नाही. लहान ओढ्याचा पूर तीन-चार तासांत उतरतो. बुडालेली माणसं बहुतेक हे तीन-चार तास न थांबलेली असतात. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र दिवस मोजायची वेळ आली. "आला पोळा, पाऊस झाला भोळा" म्हणतात, पण त्या साली पोळ्यानंतरच सिंदफणा, मांजरा, सीना फुगल्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

मृगाच्या आधी घर भरून घ्यायचं ही बाईची जबाबदारी. मीठ, गोडेतेल, काडेपेटी, गूळ, डाळी हे तर आहेच. भरलेली सिलिंडरची टाकी जवळपास ३० किलोची, चिखलातून डोक्यावर आणणं होत नाही, म्हणून गॅस घरोघर असला तरी तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा हुडवा मोडलेला नाही. हुडवा बाहेरून शेणानं लिंपून वर पाचट टाकतात. एक फट राहिली तरी अख्ख्या गोवऱ्या ओल धरतात आणि घर धुरानं भरतं.

खरी अडचण पिठाची. गव्हाचं पीठ महिनाभर टिकतं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, आठ-पंधरा दिवसांत जाते. भाकर थापताना कडांना चिरते, तव्यावर टाकताना हातातच तुटते. असं पीठ फेकून देत नाहीत. पाण्याला उकळी आणून ते पिठात ओततात, उलथन्यानं हलवतात, पाच मिनिटं झाकून ठेवतात आणि गरम असतानाच जोर लावून मळतात. भाकर येते, पण ताज्या पिठाची गोडी येत नाही. गिरणी बंद असली की जातं बाहेर निघतं. पन्नाशीच्या आतल्या बायांना त्याची सवय राहिली नाही. पायली दळेतो तळहाताला फोड येतात.

गिरणी बंद असते कारण डीपी जळालेली असते. पावसाळ्यात ती जळायची कारणं ठरलेली: तेल गळून कमी झालेलं, एका फेजवर जास्त भार, नाहीतर वीज कोसळलेली. कागदावर तिचं नाव रोहित्र आणि ग्रामीण भागात ते बदलून द्यायची मुदत ४८ तास. नवी डीपी तालुक्याहून फाट्यापर्यंत येतेही. पाचएक क्विंटलांचं ते धूड चिखलातून आणायला ट्रॅक्टर धजत नाही आणि बैलगाडीचा आखा तुटतो. मग वाफशाची वाट बघायची. तेवढे दिवस बोअर बंद, गिरणी बंद, घरात रॉकेलशिवायचा अंधार, आणि मोबाईल गोळा करून एक पोरगा फाट्यावरच्या टपरीत चार्जिंगला बसलेला.

आणि आजारपण. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, बोलावली की येते, फाट्यापर्यंत. वाडीतून फाट्यापर्यंत बाज. चार पायांना चौघांनी खांदा द्यायचा तर चिखलात चौघांची पावलं जुळत नाहीत. एकाचा पाय घसरला की बाज कलंडते. म्हणून बाजेच्या चारही कोपऱ्यांना कासरे बांधून ती लांब बांबूला टांगतात. बांबू दहा-बारा फुटी, पक्का वाळलेला, कासरा सरकू नये म्हणून दोन्हीकडं खाच पाडलेली. बाज जमिनीपासून हातभर वर. आजाऱ्याला लुगड्याच्या पट्टीनं पोटावर आणि गुडघ्यांवर सैलसर बांधायचं. चढाला डोकं पुढं, उताराला डोकं मागं. म्हणून ओढ्याच्या काठावर बाज एकदा फिरवून घ्यावी लागते. दर दोनशे पावलांना खांदेबदल, म्हणजे आठ माणसं तरी हवीत. एक जण बॅटरी घेऊन पुढं, एक बाजेजवळून चालत आजाऱ्याशी बोलत. ते बोलणं धीर देण्यासाठी असतं आणि उत्तर येतंय का ते बघण्यासाठीही.

मण्यार चावली असेल तर ते उत्तर फार मोलाचं असतं. ती रात्री घरात शिरते, भुईवर झोपलेल्याला चावते. दंश मुंगीएवढा, सूज नाही, आग नाही. माणूस परत झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, जीभ बोबडी वळते आणि त्यानंतर श्वास थांबतो. करकचून दोरी बांधणं, ब्लेडनं चिरणं, पारावर नेऊन बसवणं यात गेलेली प्रत्येक मिनिट त्या श्वासातून वजा होते. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, प्रतिसर्पविष मिळेल तिथं लवकर पोचवायचं. गरीबातल्या गरीब घरातही पावसाळ्यात पोरांना बाजेवर झोपवतात ते याचसाठी. बाळंतिणीचं मात्र आधीच ठरवता येतं. आशाताईच्या वहीत तारीख असते, नववा लागला की पोरीला सडकेच्या गावच्या पाहुण्याकडं नेऊन ठेवतात. ज्याला सडकेला पाहुणा नाही त्याच्या घरात आषाढ-श्रावणातलं बाळंतपण म्हणजे सगळ्या आळीला झोप नसते.

हस्त सरले की माती आवळते. चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात, ओढ्यात गोटे दिसायला लागतात, मोटारसायकलींना मडगार्डं परत बसतात. वाट चालती झाली की पहिल्यांदा सोयाबीनचे कट्टे बाहेर जातात. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, काढून आठ-पंधरा दिवस ताडपत्रीखाली अडकलेला माल असतो तो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की भाव पडतो. त्यानंतर त्याच वाटेनं ऊसतोडीचे ट्रक आत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली आणि बहुतेक फेडाफेडीत संपलेली. चुलीची भांडी, सरपण, कोंबड्या, तान्ही लेकरं सगळं ट्रकमध्ये चढतं आणि अर्धी-अधिक वाडी गुढीपाडव्यापर्यंत पश्चिमेकडं निघून जाते.

मागं म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं राहतात. वर्षातले हे सहा महिने वाट चांगली असते, आणि बाज उचलायला आठ खांदे वाडीत नसतात. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर एका मोटारसायकलवर तिघं: पुढं चालवणारा, मागं धरणारा, मधे आजारी माणूस, त्याचे पाय चाकात जाऊ नयेत म्हणून टॉवेलनं बांधलेले. म्हातारीचा खुबा मोडला असेल तर मोटारसायकल चालत नाही. बैलगाडीत कडब्याचा जाड थर, त्यावर गोधडी, मोडलेल्या पायाच्या दोन्ही अंगांना गुंडाळलेली पोती. तरी कडक चाकोऱ्यांतला प्रत्येक हादरा तिला लागतो आणि बैल कितीही हळू हाकले तरी लागतो.

कार्तिकात दमट हवा जाते आणि पावसाळाभर आवळून बसलेली बाजेची सुंभाची दोरी सैल पडते. राहिलेल्यांतले दोन म्हातारे दुपारच्या उन्हात बाज आडवी करून समोरासमोर बसतात, पायथ्याकडची दोरी एकेक घर धरून ओढून घेतात, झिजलेल्या जागी नवा पीळ घालतात. मग आढ्याखालचा बांबू खाली काढून ठोकून बघतात. कीड लागलेला बांबू पोकळ वाजतो. खाचा तपासून, तेलाचा हात फिरवून तो परत आढ्याला टांगतात.